कपहेड: चित्रं बघायला गेलो आणि बॉसच्या तावडीत सापडलो

भुईनळा

कपहेड या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "काय चित्रं आहेत राव!" आणि दुसरी, "फार अवघड आहे, सोडून दिला." जणू काही एका माणसाने बसून सुंदर चित्रं काढली आणि मागाहून दुसऱ्या कोणा दुष्टाने येऊन त्यात अवघडपणा ओतला. मला हे काही पटत नाही. इतका अवघड गेम खेळता येतो तोच मुळी चित्रांमुळे, असं माझं मत आहे. त्यावर जरा चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय.

न खेळलेल्यांसाठी थोडी माहिती. चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉवर या कॅनडातल्या दोघा भावांचा स्टुडिओ एमडीएचआर. त्यांचा हा पहिला गेम २९ सप्टेंबर २०१७ ला विंडोज आणि एक्सबॉक्स वनवर आला, २०१९ मध्ये स्विचवर आणि २०२० मध्ये पीएस४ वर. गोष्ट अगदी छोटी: डोक्याच्या जागी कप असलेले कपहेड आणि मगमन हे दोन भाऊ सैतानाच्या जुगाराच्या अड्ड्यावर जातात, फासे टाकतात आणि हरतात. जीव वाचवायचा तर सैतानाचे जे कर्जबुडवे बेटांवर लपून बसलेत त्यांना गाठून त्यांचे करारनामे आणून द्यायचे. थोडक्यात, आपण वसुली एजंट.

दिसायला सगळं १९३० च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनसारखं. रबरी नळीसारखे हातपाय, पांढरे हातमोजे, पडद्यावर जुन्या फिल्मचे ओरखडे. खेळायला मात्र बाजूने सरकणारा, धावत-उड्या मारत गोळ्या झाडायचा गेम, आणि त्यात मुख्य भर बॉसच्या, म्हणजे मोठ्या बलाढ्य शत्रूंच्या, लढतींवर.

आता माझा मुद्दा. पहिल्या बेटावरचं ते फूल आठवा, कॅग्नी कार्नेशन. लढत सुरू होताना कसं गोड डोलत असतं, मग एकदम थोबाड फिरतं. त्याचा एक हल्ला असा की दात विचकून मान ताणतं आणि अख्खा पडदा झाडून काढतं, कधी वरून तर कधी जमिनीलगत. पण ताणण्याआधी ते डोकं मागे घेतं. त्या क्षणभरात पुढचा हल्ला वरून आहे की खालून ते कळतं. आयुष्य दाखवणारी पट्टी नाही, लाल बाण नाही, "सावधान"ची पाटी नाही. चित्र बघायचं आणि हलायचं. जो चित्र बघत नाही तो मरतो.

तुमचं काय मत?

चाळीतला_मारिओ

धागा आवडला. पण अवघडपणाचं श्रेय एकट्या चित्रांना देऊ नकोस. हा गेम काँट्राच्या खानदानातला आहे. खुद्द मोल्डेनहॉवर बंधूंनीच काँट्रा, गनस्टार हीरोज आणि मेगा मॅनची नावं घेतली आहेत. ज्यांनी टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवाल्या गेमवर काँट्रा खेळून बोटांना घट्टे पाडले त्यांना कपहेड पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटतो. वर-वर-खाली-खाली करून तीस जीव मिळवायची सोय इथे नाही, एवढाच काय तो फरक.

एक फरक मात्र मोठा आहे. काँट्रा पाठ करता यायचा. कुठल्या पायरीवर कुठला शिपाई येणार हे झोपेतही सांगता यायचं. कपहेडमध्ये बॉसकडे तीन-चार चाली असतात, पण कुठली कधी येईल ते ठरलेलं नसतं. पाठांतरवाले इथे गारद.

भुईनळा

अरे, मग तू माझंच म्हणणं मांडतोयस की! क्रम ठरलेला नाही म्हणजे प्रत्येक वेळी डोळ्यांनी वाचणं आलं. आणि वाचायचं काय, तर चित्र.

रानमांजर

मी ते "सोडून दिला" वाल्यांपैकी. माझी तक्रार ऐकून घ्या.

मी हा गेम चित्रांसाठीच घेतला. हात चलाख नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून साध्या मोडवर खेळायला लागले. बॉस हरवला की स्क्रीनवर जल्लोष होतो खरा, पण करारनामा मिळत नाही! तो फक्त रेग्युलर मोडवर. सगळे करारनामे जमल्याशिवाय शेवटच्या भागात, सैतानाचा हस्तक किंग डाइस आणि खुद्द सैतानापर्यंत, जाता येत नाही. त्यात साध्या मोडमध्ये बऱ्याच बॉसच्या काही फेज, म्हणजे लढतीचे टप्पे, गाळूनच टाकल्या आहेत. म्हणजे ज्या चित्रांसाठी पैसे मोजले ती अर्धी बघायलाच मिळत नाहीत. इतकी मेहनत घेऊन हाताने काढलेली चित्रं कपाटात ठेवून किल्ली फक्त पटाईत खेळाडूंना द्यायची, हा कुठला न्याय?

खडूस_काका

हा न्याय खेळाचा. चित्रंच बघायची असतील तर यूट्यूबवर अख्खा गेम पडलेला आहे, फुकट. खेळ म्हटला की हार आली. आजकाल सगळ्यांना सगळं पहिल्या फटक्यात पाहिजे.

रानमांजर

काका, पहिल्या फटक्यात कोणी मागितलंय? साधा मोड त्यांनीच दिला, मी नाही मागायला गेले. दिला आहे तर पुरता द्या. पंगतीला बसवून जिलबी आली की पुढून ताट उचलायचं, तसला प्रकार आहे हा.

तिसरी_घंटा

रानमांजरच्या बाजूने एक मत. फेज गाळल्याने काय जातं त्याचं उदाहरण द्यायचं तर सॅली स्टेजप्ले. माझी सगळ्यात लाडकी बॉस, कारण ही लढत म्हणजे चक्क नाटक आहे. खाली प्रेक्षक बसलेत, मागचे पडदे बदलतात, सॅली नटी आहे आणि आपण तिच्या प्रयोगात घुसलेले आगंतुक. पहिल्या अंकात लग्न, दुसऱ्यात संसार, तिसऱ्यात ती पुठ्ठ्याच्या लाटा आणि विजा घेऊन देवी बनून येते. शेवटच्या अंकात प्रेक्षक वरून गुलाब फेकतात आणि त्यातली गुलाबी फुलं पॅरी करायची, म्हणजे उडीत असताना टपली मारून परतवायची! स्टेजवरचं सगळं मुद्दाम "खोटं" काढलंय. ढग दोरीला टांगलेले आहेत, लाटा मागे-पुढे सरकणाऱ्या फळ्या आहेत. नाटकाच्या बॅकस्टेजला काम केलेल्या माणसाला तर हसूच फुटेल.

आणि यात एक लपवलेली गंमत आहे. पहिल्या अंकात देवदूतांच्या पुतळ्यांचा नीट वापर केला तर वरचं झुंबर नवऱ्यामुलाच्या डोक्यात पडतं. मग दुसऱ्या अंकात संसाराचा सेट येतच नाही, मठ येतो. घराच्या खिडक्यांतून बाळं बाटल्या फेकायची, तिथे आता जोगिणी पट्ट्या घेऊन उभ्या. म्हणजे नवरा गेला म्हणून बाई मठात गेली! हे कोणी सांगत नाही, फक्त सेट बदलतो. ज्यांनी हे काढलं त्यांना साष्टांग नमस्कार.

चाळीतला_मारिओ

झुंबराचं माहीत नव्हतं. आज रात्री करून बघतो.

लपलेल्या गमतींवरून आठवलं. अगदी पहिल्या भाज्यांच्या लढतीत बटाटा संपला की कांदा येतो ना? त्याला गोळीच मारू नका. तो भांडायला आलेलाच नसतो. आपण मारलं की रडायला लागतो आणि त्याचे अश्रू आपल्यावर पडतात. नाही मारलं तर खुशाल निघून जातो. मग गाजराबरोबर मुळा येतो, ते वेगळं.

पेन्सिलवाला

धागा उशिरा बघितला. माझी काही वर्षं टूडी अॅनिमेशनमध्ये गेली, अंधेरीतल्या एका स्टुडिओत क्लीनअप (कच्ची रेखाटनं साफ करणं) आणि इन-बिट्वीन (मधली चित्रं भरणं) करत होतो. स्टुडिओचं नाव सांगत नाही, पगार वेळेवर द्यायचे नाहीत. त्या नजरेने चार गोष्टी सांगतो.

कपहेडमधली पात्रं कागदावर पेन्सिलने काढली, मग कागदावरच शाईने गिरवली, मग स्कॅन करून रंग फोटोशॉपमध्ये भरले. मागची दृश्यं जलरंगात. शाईचं बरंचसं काम चॅडची बायको माया मोल्डेनहॉवर हिने केलं. हे वाचायला सोपं वाटतं. पण सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. आम्ही टीव्हीच्या मालिकांसाठी काम करायचो तेव्हा एकेक चित्र दोन-दोन फ्रेम, कधी तीन-तीन फ्रेम ताणायचो. प्रेक्षकाला चालून जातं आणि निर्मात्याचे पैसे वाचतात. या लोकांनी ठरवलं की दर फ्रेमला नवं चित्र. म्हणजे एका सेकंदाला चोवीस कागद, आणि प्रत्येक कागद दोनदा हाताखालून गेलेला. असं काम एक पात्र हलवायला. एका बॉसच्या प्रत्येक चालीसाठी, प्रत्येक फेजसाठी हे करायचं. घरं पुन्हा गहाण टाकून नोकऱ्या का सोडाव्या लागल्या ते मग कळतं.

आता भुईनळाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो बरोबर आहे पण अर्धा. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की कुठलीही हालचाल करण्याआधी उलट दिशेला हालचाल दाखवा. ठोसा मारायचा तर हात आधी मागे, उडी मारायची तर आधी गुडघे खाली. त्याशिवाय प्रेक्षकाच्या डोळ्याला हालचाल पोचत नाही. कॅग्नीचं डोकं मागे जातं ते हेच. जुन्या कार्टूनांत तर हे फार फुगवून करायचे, हात असा मागे न्यायचे की पडद्याबाहेर जायचा.

पण स्वतः कपहेडकडे बघा. बटण दाबलं की तो त्याच क्षणी हवेत. गुडघे वाकवणं वगैरे काही नाही. डॅशचं, म्हणजे झटकन पुढे झेपावण्याचंही तेच. अॅनिमेशनच्या पुस्तकाप्रमाणे ही चूक आहे, माझ्या गुरूंनी कागद फाडून टाकला असता. पण तिथे तयारीची चित्रं घातली असती तर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागली असती आणि खेळणाऱ्याने कंट्रोलर फेकून मारला असता. म्हणजे बॉसला पुस्तकाप्रमाणे हलवलंय आणि आपल्याला पुस्तकाबाहेर. चित्रं चोवीसच्या चालीने, खाली गेम साठच्या चालीने. या दोन चालींचा सांधा डोळ्याला दिसत नाही, यातच त्यांचं खरं कसब आहे. चित्र सुंदर काढणारे शंभर मिळतील.

भुईनळा

पेन्सिलवाला, मानलं बुवा. हे मला सुचलंच नव्हतं. ओपनिंग पोस्टच्या वर हे चिकटवायला पाहिजे.

खडूस_काका

याला म्हणतात माहिती. असे प्रतिसाद यावेत.

बाकी हातानं अॅनिमेशन करायची परंपरा आपल्या मुंबईतही जुनी आहे, हे कोणी सांगत नाही. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स येऊन शिकवून गेले. अॅनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. अवांतर झालं, पण राहवलं नाही.

टोरांटोकर

मी ओंटारिओतच असतो, या स्टुडिओचं ओकव्हिल आमच्यापासून गाडीने तासाभरावर. म्हणून थोडा पक्षपात समजून घ्या.

सगळे चित्रांवर बोलताय, संगीताचं काय? क्रिस्टोफर मॅडिगन या माणसाने अख्खा गेम बिग बँड जॅझ आणि रॅगटाइमवर बांधलाय. खरे वादक बसवून वाजवलंय, कॉम्प्युटरमधून काढलेलं नाही. मरून-मरून पुन्हा तीच लढत खेळताना तेच गाणं पुन्हा लागतं आणि तरी डोकं उठत नाही, याचं श्रेय ट्रम्पेट आणि ड्रम्सना. चौघांनी मिळून वाद्याशिवाय गायची ती बार्बरशॉपची पद्धत सुरुवातीच्या गाण्यात आहे. पुढे नकाशावर असेच गायक भेटतात, त्यांचा चौथा भिडू हरवलाय. त्याला शोधून आणला की ते उभे राहून अख्खं गाणं म्हणतात. बक्षीस काही नाही, नुसतं गाणं. मला तो गेममधला सगळ्यात दिलदार क्षण वाटतो.

किडामुंगी

मी होलो नाइटवाला. साहजिकच तुलना करणार.

होलो नाइटही हाताने काढलेला, तोही २०१७ चाच, ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरीचा. पण तिथे मेलं की आधीच्या बाकापासून (खेळ जतन होतो ती जागा) बॉसपर्यंत पुन्हा चालत जायचं. ४ सप्टेंबर २०२५ ला त्याचा पुढचा भाग सिल्कसाँग आला तेव्हा याच चालण्यावरून केवढी भांडणं झाली, आठवतंय ना. कपहेडमध्ये मेलात की एक बटण, परत लढत. नीट खेळलात तर जवळजवळ कुठलीही लढत दोन-अडीच मिनिटांत संपते. आणि मेल्यावर जो पडदा येतो त्यावर एक रेघ असते, तिच्यावर छोटा कपहेड धावत जातो आणि थांबतो. मध्ये फेजचे झेंडे. "अरे, झेंड्यापासून इतकाच लांब होतो?" असं वाटतं आणि बोट आपोआप परत खेळायच्या बटणावर जातं. वर बॉस एक टोमणाही मारतो. अवघड गेम चिकटवून ठेवायचा कसा, ते या एका पडद्यावर शिकावं.

मात्र जग म्हणाल तर होलो नाइटपुढे कपहेड फिका. तिथे वाट चुकण्यात मजा आहे. इथे नकाशा म्हणजे एका लढतीकडून दुसरीकडे जायचा रस्ता.

चाळीतला_मारिओ

नकाशावरून हा राग बरोबर आहे. आणि जे सहा धावायचे-गोळ्या मारायचे लेव्हल आहेत तेही मला ठिगळ वाटतात. मुळात हा गेम फक्त बॉसचाच होता. २०१५ मध्ये दाखवल्यावर लोकांनी विचारलं की बाकीचं कुठंय, मग ते वाढवले आणि गेम पुढे ढकलला. ते जाणवतं. जंगलाच्या लेव्हलमध्ये पुढची झाडंझुडपं मध्येच आपल्यालाच झाकतात. सुंदर चित्र, पण शत्रू दिसत नाही. भुईनळा, तुझ्या सिद्धान्ताला ही टाचणी. इथे चित्र मदत करत नाही, आडवं येतं.

भुईनळा

हे मान्य करायलाच हवं. त्या लेव्हलमध्ये चित्रं सजावट झाली आहेत. तरी माझ्या बाजूने एक: तेच सहा लेव्हल कोणालाही न मारता पार केले तर अख्खा गेम कृष्णधवल करायची सोय उघडते. एकही गोळी न झाडता पळत सुटायचं. मग तीच लेव्हल वेगळीच वाटते, कारण तेव्हा शत्रूंच्या येण्या-जाण्याची लय बघावी लागते. मी हे करून बसलो आणि मग मला ते लेव्हल आवडायला लागले. नाणी गोळा करायला आधी जातात सगळे, प्रत्येक लेव्हलमध्ये पाच, दुकानातून हत्यारं घ्यायला. पण न मारता खेळणं ही त्यांची खरी चव.

उलटी_पट्टी

सगळं छान चाललंय, मी जरा मिठाचा खडा टाकते.

१९३० च्या दशकातली अमेरिकन कार्टून म्हणजे फक्त जॅझ आणि हातमोजे नव्हेत. त्यात काळ्या लोकांची घाणेरडी टिंगल ठासून भरलेली आहे. ते पांढरे हातमोजे आणि मोठे डोळे-तोंड यांचं नातं तोंडाला काळं फासून नाचणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांशी आहे. कपहेड आला तेव्हा तिकडच्या समीक्षकांनी हा प्रश्न विचारला होता. निर्मात्यांचं म्हणणं साधारण असं की आम्ही फक्त चित्रशैली घेतली. बरं, त्यांनी वाईटातलं वाईट वगळलं हेही खरं. पण पिरॅमिडवाला तो जिन बघा, जिमी. फेटा, दाढी, तलवारी, शवपेट्या, सगळा "पूर्व" एका पोत्यात. आपण भारतातून बघताना ते चटकन खुपायला हवं, आणि बहुतेक मराठी धाग्यांवर याचा उल्लेखही नसतो.

मी गेम खेळले, पूर्ण केला, आवडला. तरी हे बोलायला हवं.

खडूस_काका

प्रत्येक गोष्टीत राजकारण आणलंच पाहिजे का? एक कप आहे, तो बोटातून गोळ्या मारतो. संपलं.

पेन्सिलवाला

काका, त्या मुद्द्यात तथ्य आहे. आम्हाला शिकवतानाही त्या काळातली रीळं दाखवायचे आणि काही ठिकाणी सर गप्प बसून पुढे ढकलायचे. न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओचं बेटी बूप आणि पॉपायचं काम म्हणजे हालचालीचा खजिना आहे, कपहेडवर त्यांचा ठसा तर जागोजाग आहे. खजिना घ्यायचा तर त्यावर कोणाचं रक्त लागलंय हेही ठाऊक असावं. जिमीच्या लढतीतलं चित्रकाम अफाट आहे. तो आपल्या कठपुतळीशी लढायला लावतो ती कल्पना तर फारच भारी. आणि तरी जिमी हा आळशीपणाने घेतलेला साचा आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

उलटी_पट्टी

हेच म्हणायचं होतं. धन्यवाद.

दोन_कंट्रोलर

कोणी दोघांनी मिळून खेळलंय का? मी आणि धाकटी बहीण खेळतो. ऑनलाइन सोय नाही, एकाच पलंगावर बसावं लागतं. एक मेला की त्याचं भूत वर तरंगत जातं आणि दुसऱ्याने उडी मारून ते पॅरी केलं की तो परत जिवंत. अर्धी लढत आम्ही एकमेकींना परत आणण्यातच घालवतो. "मला सोड, तू मार त्याला!" असा आरडाओरडा ऐकून आई बघायला येते. बॉसची ताकदही दोघांसाठी वाढवलेली असते, त्यामुळे सोपं होईल ही आशा सोडा. गोळ्या दुप्पट, पडद्यावर गोंधळ दुप्पट. भुईनळा म्हणतात तसं "चित्र वाचणं" दोघांत फार कठीण जातं. बेडकांच्या बोटीवर तर आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

भुईनळा

बेडकांचा विषय काढलात म्हणून. रिबी आणि क्रोक्स शेवटी मिळून जुगाराचं यंत्र बनतात, त्यात तीन चित्रं फिरून थांबतात. जे चित्र थांबलं त्यावर पुढचे हल्ले ठरतात. म्हणजे बॉस स्वतःच आधी पत्ता उघडून दाखवतो! दोघी खेळत असाल तर एकीने फक्त यंत्राकडे बघून मोठ्याने सांगायचं, "बैल! बैल!" दुसरीने मारायचं. करून बघा.

दोन_कंट्रोलर

हे भारी आहे. आज करतो.

टोरांटोकर

आणि गोळी मारायचं बटण अंगठ्यावरून काढून खांद्याच्या ट्रिगरवर न्या. या गेममध्ये गोळी मारणं थांबवायचंच नसतं, बोट कायम दाबलेलं. अंगठा मोकळा राहिला की उडी आणि डॅश दोन्ही वेळेवर लागतात. मुळात ठेवलेली बटणं का अशी आहेत देव जाणे. दुकानातून धुराचा चार्म (खास ताकद देणारा ताईत) घ्या, स्मोक बॉम्ब. डॅश मारताना क्षणभर गायब होता, गोळीच्या आरपार जाता येतं.

रानमांजर

मी गेले दोन दिवस वाचतेय. परत लावून बघावंसं वाटतंय, पण साध्या मोडची तक्रार तशीच आहे हं. कोणी तिचं उत्तर दिलं नाही. काकांचं यूट्यूब सोडून.

किडामुंगी

एक उत्तर आहे, पण त्याला पैसे पडतात. ३० जून २०२२ ला आलेलं डीएलसी, म्हणजे गेमला जोडून वेगळा विकलेला भाग. त्यात मिस चॅलिस नावाचं पात्र मिळतं. तिला हवेत दुसरी उडी आहे, तीनाऐवजी चार जीव आहेत, लोळून गोळ्या चुकवता येतात आणि पॅरी डॅशवर आहे, म्हणजे वेगळं बटण नीट साधायची गरज नाही. बदल्यात चार्मच्या जागी एक बिस्कीट लावावं लागतं, ते लावलं की ती मिळते. मुद्दा हा की तिला मूळ गेमच्या बॉसविरुद्धही वापरता येतं, रेग्युलर मोडवर. करारनामा मिळतो. पहिल्या बेटावरची पहिली समाधीची लेव्हल पार केली की होडीवाला चौथ्या बेटावर नेतो, बिस्कीट तिथे सुरुवातीलाच मिळतं.

रानमांजर

म्हणजे सोपा मोड त्यांनी पाच वर्षांनी वेगळे पैसे घेऊन विकला!

चाळीतला_मारिओ

हाहाहा. असं कोणी मांडलं नव्हतं आजवर.

पेन्सिलवाला

मांडणी चोख आहे. पण घेऊन बघा. एकट्या चॅलिसच्या लोळण्यासाठी काढलेली चित्रं बघून माझे पैसे वसूल झाले. शिवाय तिची दुसरी उडी आहे ना, तीत ती स्वतःभोवती गिरकी घेते, ती हालचाल बघा. शाई भरणाऱ्याच्या बोटांचं काय झालं असेल!

खडूस_काका

चॅलिस घेऊन जिंकलं तर ते जिंकणं धरायचं की नाही?

उलटी_पट्टी

काका, तुम्ही किंग डाइसपर्यंत पोचलात का, ते आधी सांगा. फासा पडेल तितकी घरं चालत त्याचे नऊ छोटे बॉस आणि मग तो. बोला.

खडूस_काका

त्यातल्या घोडेवाल्या बॉसवर अडकलोय. पण प्रश्न तो नाही.

उलटी_पट्टी

प्रश्न तोच आहे :)

भुईनळा

काका, घोड्याचं घर टाळता येतं. त्याचा फासा फिरताना बघून पॅरी मारा, एक, दोन की तीन ते तुमच्या हातात आहे. नऊच्या नऊ लढायची सक्ती नाही. वाटेत हृदयाची घरं आहेत तिथे थांबलात तर एक जीव वाढतो. रानमांजर, तुम्ही चॅलिस घेतलीत तर आधी कॅग्नीकडे जा, भोपळ्या-बटाट्यांच्या नादी नंतर लागा, आणि इथे येऊन सांगा.

रानमांजर

भोपळा कुठाय त्यात? कांदा, बटाटा आणि गाजर आहे. कांद्याला मी मारणार नाहीये.